शमुवेलकाकांचा ‘शेवटचा काळ’

शमुवेलकाका गेल्याचा फोन मार्थाकाकूंनीच केला. मी शाळेच्या ऑफिसात दाखले लिहीत होते. “काका गेले गो बाय,” एवढंच त्या म्हणाल्या. मी “येते” म्हटलं, पण उठायला वेळ लागला. थोड्याच दिवसांपूर्वी काकांशी जे बोलणं झालं होतं, ते अजून मनातून जात नव्हतं...

रत्नागिरीतल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत काका कोणी पाळक, म्हणजे धर्मगुरू, नव्हते. पोस्टातली नोकरी सांभाळून दर रविवारी संध्याकाळी ते आपल्या घरी प्रकटीकरण, म्हणजे बायबलातलं जगाच्या अंताचं शेवटचं पुस्तक, शिकवायचे. सात शिक्के, सात कर्णे, समुद्रातून वर येणारं श्वापद... एकेका ओळीला ते वर्तमानपत्रातली बातमी जोडून दाखवायचे. एका वर्षी दाभोळकडे पाणी तांबडं झालं, मासे मरून किनाऱ्याला लागले. त्या रविवारी त्यांनी समुद्राचं रक्त होण्याचा भाग वाचला, तेव्हा खोलीत कोणी खोकलंसुद्धा नाही. माझे वडील लवकर गेले. त्यानंतर आमच्या घराला आधार काकांचाच. त्यामुळे त्यांचा शब्द मला वडिलांच्या शब्दासारखा.

बारावीनंतर मला मिरजेला नर्सिंगला प्रवेश मिळाला. आईने ट्रंकही भरली. निरोप घ्यायला गेले, तर काका म्हणाले, “एवढी वर्षं शिकणार? रूथ, तेवढा काळ उरलाय कुठे? प्रभू येईल तेव्हा तू आपल्या माणसांत असावीस.” मी घरी येऊन ट्रंक रिकामी केली. आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. प्रभू येईल म्हणून काकांनी सांगितलेला ईस्टर आला आणि गेला. प्रकटीकरणातले राजे मोजण्यात चूक झाली, पुन्हा मोजू, असं ते म्हणाले. आम्ही मोजत राहिलो. माझे केस पांढरे झाले.

अलीकडे त्यांची दृष्टी गेली होती. मी अधूनमधून पवित्र शास्त्र वाचून दाखवायला जायचे. त्या शेवटच्या भेटीत विचारलं, “प्रकटीकरण काढू?”

“नको. त्यातलं मला काही उमगलं नाही.”

थकून बोलतायत असं वाटलं. “असं कधीपासून वाटतं?”

“तो ईस्टर गेला ना, तेव्हापासूनच. पुन्हा मोजू म्हटलं, ते माझं मलाच खरं वाटत नव्हतं.”

“मग सांगितलं का नाहीत? मी पुढच्या वर्षी परत अर्ज केला असता.”

“सगळी माझ्या तोंडाकडे बघत बसायची गो... खोली रिकामी झाली असती.”

मी त्यांना पाणी दिलं आणि निघाले. पुन्हा गेले नाही.

दफनाच्या वेळी पाळकांनी त्यांना विश्वासू पहारेकरी म्हटलं. माणसं डोळे पुसत होती. मार्थाकाकू माझा हात धरून हळूच म्हणाल्या, “तुला बोलले ना ते? मला त्या ईस्टरनंतरच बोलले होते. कुणाला सांगू नको म्हणाले.” म्हणजे इतके रविवार या बाई आमच्या हातात चहाचे कप देत होत्या, तेव्हा त्यांनाही ठाऊक होतं. मी हात सोडवून घेतला.

लहानपणी शास्त्र वाचायला मला काकांनीच शिकवलं... ओळीखाली बोट धरून, घाई न करता. आजही मी तशीच वाचते. परवा वाचता वाचता एका ओळीपाशी आले. त्या दिवसाची आणि त्या घटकेची कोणालाच खबर नाही, असं प्रभूने स्वतःच म्हटलेलं आहे. काकांचं बोट या ओळीखालून किती वेळा गेलं असेल. मी माझं बोट तिथेच धरून बसले. पुढे वाचवेना.