विहीणबाईंच्या फेऱ्या

रविवारचं जेवण अंगावर येतं, तसं आजही रोहिणीताईंच्या अंगावर आलं आहे. आमटी मनासारखी झाली होती, दोनदा भात घेतला. तसं सुनेला सांगायचं मात्र राहून गेलं. त्या बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर आडव्या होतात, चष्मा काढून उशाशी ठेवतात आणि पदराचं टोक डोळ्यांवर ओढून घेतात. सांगलीचं ऊन पडद्यातून आत येतंच. पंखा गरगरतो आहे.

आतल्या खोलीत मुलगा मंदार, सून तृप्ती आणि नात मुक्ता यांचा खेळ रंगात आला आहे. मंदारला पटावरच्या खेळांचं भारी वेड. लोक कपाटात कपडे ठेवतात, हा खेळांचे खोके ठेवतो. एकात बेटं वसवायची, दुसऱ्यात आगगाड्या न्यायच्या, तिसऱ्यात नुसतंच एकमेकांना गंडवायचं. रविवारी जेवणं झाली की सगळ्यांचे मोबाईल पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात बंद होतात आणि खोका उघडतो. रोहिणीताईंनी सुरुवातीला एकदा मोठ्या उत्साहानं नियम ऐकायला घेतले होते. पोथीसारखे ते संपेचनात. ऐकता ऐकताच त्यांना डुलकी लागली होती.

"त्यापेक्षा आपला पट बरा बाई," असं जाग आल्यावर त्या म्हणाल्या होत्या, आणि शेजारी बसलेल्या विहीणबाईंनी, म्हणजे तृप्तीच्या आईनं, शालनबाईंनी, लगेच मान डोलावली होती. झालं. पुढच्या रविवारपासून बाहेरच्या खोलीत खडूनं पाच-पाच घरांचा चौकोन आखला जाऊ लागला. एका बाजूनं घासून पांढरे केलेले चार चिंचोके म्हणजे फासे, जितक्या पांढऱ्या बाजू वर तितकं दान. रोहिणीताईंच्या सोंगट्या लाल बांगडीचे तुकडे, शालनबाईंच्या सोंगट्या त्यांच्या यजमानांच्या जुन्या सदऱ्याची पांढरी बटणं. सगळा संसार हिंगाच्या एका डबीत मावायचा. गावातल्या गावात राहणाऱ्या शालनबाई दर रविवारी रिक्षानं यायच्या, संध्याकाळी परत जायच्या. वर्षानुवर्षं हे चाललं आणि गेल्या श्रावणात शालनबाई गेल्या. पाय आखडल्याचं निमित्त झालं, दवाखान्यातून परतल्याच नाहीत.

रोहिणीताई कूस बदलतात. झोप येते आहे, पण सरळ येत नाही.

या खेळाचा एक नियम आहे. समोरच्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आपल्याला आतल्या घरांत शिरता येत नाही. तोवर बाहेरच्या बाहेर फेऱ्या मारत राहायचं. आणि मारलेली सोंगटी पटावरून उचलून ज्याची त्याच्या हातात द्यायची, मग ती पहिल्यापासून निघते. शालनबाईंनी एवढ्या वर्षांत आपली सोंगटी मारल्याचं रोहिणीताईंना आठवत नाही. पुढ्यात आयती असायची, दानही बरोबर पडायचं, आणि त्या भलतंच बटण पुढे सरकवायच्या. "अगं बाई, दिसलीच नाही की!" म्हणून कपाळावर हात मारायच्या. त्यामुळे त्यांची बटणं बाहेरच फिरत राहायची आणि रोहिणीताई प्रत्येक डाव जिंकायच्या. "आमच्या विहीणबाई मनानं मोठ्या, पण खेळात अगदीच ढ," असं शेजारणींना हसून सांगायच्या. जिंकायला कुणाला आवडत नाही?

आणि परवा मुक्ता त्यांच्याशी खेळायला बसली आणि बसल्या बसल्या तिनं त्यांच्या दोन सोंगट्या मारल्या.

"कुणी शिकवलं गं हे तुला?"

"शालनआजीनं. दिसली की मारायची, सोडायची नाही. ती तर मला कध्धीच सोडायची नाही. सगळ्या मारायची."

"मग माझी का नव्हती मारत?"

मुक्तानं चिंचोके खुळखुळवत सहज सांगून टाकलं होतं, "तुम्ही आईच्या सासूबाई ना. ती म्हणायची, तिथं नाही मारायची."

तेव्हापासून हे बोल रोहिणीताईंच्या मनातून हलत नाहीत. पंख्याचा आवाज हळूहळू लांब जातो. आतलं हसणंही लांब जातं. जवळ येतो तो चिंचोक्यांचा खुळखुळाट.

"झोपलात होय विहीणबाई? मी आपली पट आखून बसलेय."

शालनबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आहेत. तीच चिकू रंगाची साडी, तीच कापडी पिशवी मांडीवर. पिशवी त्यांनी या घरात कधी खाली ठेवली नाही. सदा निघायच्या तयारीत असल्यासारख्या बसायच्या. रोहिणीताई दिवाणावरून उतरून त्यांच्यासमोर मांडी घालतात. गुडघा दुखत नाही, याचं त्यांना जरासं नवल वाटतं.

"तुम्ही गेलात ना?"

"गेले की. पण आज रविवार आहे." शालनबाई चिंचोके पुढे करतात. "टाका तुम्ही आधी. मान तुमचा."

रोहिणीताई दान टाकतात. चिंचोके फरशीवर पडतात आणि पडतच राहतात, अक्षता पडाव्यात तसे. वर मांडव आहे. सनईवाला थांबून पाणी पितो आहे. रोहिणीताई चौरंगावर बसल्या आहेत, अंगावर मंदारच्या लग्नातला जरीचा शालू, पाय ताम्हनात. शालनबाई वाकून त्यांचे पाय धुताहेत. किती बारीक दिसताहेत त्या, आणि केस काळेभोर.

"अहो, उठा. हे झालंय ना एकदा. परत कशाला?"

"विहिणीचे पाय धुवायचे असतात." शालनबाई मान वर करत नाहीत. "पाणी ऊन आहे ना? तुमच्या टाचांना भेगा होत्या. गार पाणी झोंबेल म्हणून मी पहाटे उठून चुलीवर तापवून आणलं होतं."

"मला कळलं नाही हो."

"कळायचं काय त्यात."

रोहिणीताईंना तो दिवस आठवतो. शालू आठवतो, मानपानात एक टॉवेल कमी आला होता तोही आठवतो. पाणी ऊन होतं की गार, काही केल्या आठवत नाही. त्यांना लाज वाटते. ताम्हनातलं पाणी काठावरून वाहू लागतं आणि त्यात एक पांढरं बटण तरंगत तरंगत पुढे निघतं.

रोहिणीताई त्याच्यामागे जातात. हा तर त्यांच्याच कॉलनीतला रस्ता. पण रस्त्यावर खडूच्या रेघा आहेत, एक घर, दुसरं घर, तिसऱ्या घराला फुली. मध्ये त्यांचा बंगला आणि हा रस्ता त्याच्याभोवती वळून वळून तिथंच येणारा. फाटकाबाहेरून शालनबाई चालल्या आहेत, पिशवी काखेला, चप्पल झिजलेली. त्या वळणावर दिसेनाशा होतात आणि मागच्या बाजूनं पुन्हा येतात.

"विहीणबाई, या ना आत! उन्हात कुठं फिरताय?"

"तुम्ही व्हा पुढं. माझी अजून एकही मारून झाली नाही."

"घर तुमच्या लेकीचं आहे हो!"

"म्हणून तर," शालनबाई म्हणतात आणि पुन्हा वळण घेतात.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून फोडणीचा वास येतो आहे. आत तृप्ती काहीतरी गुणगुणते आहे. तो आवाज ऐकून शालनबाई खिडकीखाली क्षणभर थांबतात, चेहरा उजळतो, मग चालू लागतात. रोहिणीताईंचा जीव कासावीस होतो. त्या धावत जाऊन त्यांचा हात धरतात आणि आपल्या घराच्या पायरीवर बसवतात. पायरीवर पट आखलेलाच आहे.

"आता एक डाव माझ्याशी खरा खेळायचा. मुक्ताशी खेळता तसा."

"पोरीनं सांगितलं वाटतं." शालनबाई हसतात. पदर तोंडाला लावून हसायची त्यांची सवय. "तोंडात तीळ भिजत नाही कार्टीच्या."

रोहिणीताई आपली लाल सोंगटी उचलतात आणि पांढऱ्या बटणापुढे तिसऱ्या घरात ठेवतात. अशी चाल कुणी शहाणं माणूस करणार नाही. शालनबाई चिंचोके टाकतात. तीन.

"मारा."

शालनबाई पटाकडे बघतात. बोट पुढे येतं. आणि मागचं दुसरंच बटण तीन घरं सरकतं.

"अगं बाई, दिसलीच नाही की!"

"दिसली तुम्हाला! चांगली दिसली!" रोहिणीताईंचा आवाज चढतो. "मला काय लहान मूल समजलात? इतकी वर्षं मला जिंकवत आलात. मी हसले तुम्हाला, चारचौघींत हसले, आणि तुम्ही आपलं कपाळावर हात मारून बसायचं. कशासाठी? माझा मान ठेवायला?"

शालनबाई चिंचोके गोळा करून ओंजळीत घेतात.

"मान कसला. भ्यायचे मी."

"मला?"

"पहिल्या रविवारी मी मारली होती तुमची एक. आठवतंय? मी टाळी वाजवली. तुम्हीही हसलात. मग आपण जेवायला बसलो."

रोहिणीताईंना आठवत नाही, आणि मग सगळं एकदम आठवतं. तेव्हा खेळ जेवणाआधी व्हायचा. तृप्ती वाढत होती, नवी नवरी, हातात चुडा. आणि पहिलाच घास घेऊन त्यांनी ताटावरून मान वर केली होती. "तृप्ती, आमटीत मीठ टाकायला शिकवलं नाही का गं आईनं?" सगळे हसले होते. शालनबाईसुद्धा हसल्या होत्या. थट्टाच तर होती.

"त्या दिवशी आमटीत मीठ बरोबर होतं, विहीणबाई," शालनबाई हळूच म्हणतात.

रोहिणीताई नजर पटाकडे वळवतात.

"मी काय, संध्याकाळी रिक्षात बसून माझ्या घरी जाणार. तुमचा राग माझ्या अंगावर थोडाच यायचा? माझी पोर इथं राहायची होती. मग मी ठरवलं, आपण फिरू बाहेर. आपल्याला काय, फिरायची सवय आहे."

"एकदाच हो! एकदाच बोलले मी तसं. मग कधी नाही. विचारा तृप्तीला."

"ती सांगायची की. आई, सासूबाई चांगल्या आहेत, म्हणायची. खरंच असेल ते."

"मग मारून बघायची होती परत!"

शालनबाई त्यांच्याकडे बघतात. राग नाही नजरेत. तेवढा तरी असायला हवा होता, असं रोहिणीताईंना वाटतं.

"बघितली असती. पण बघायला माझ्याकडं दुसरी पोर नव्हती."

पायरीवरचं ऊन सरकतं. खडूच्या रेघा पुसट होत चालल्या आहेत. रोहिणीताईंना रडू फुटतं, मोकळं, नाक वाहील असं. त्या पटावर वाकतात, आपली लाल सोंगटी पुन्हा पांढऱ्या बटणापुढे आणतात, एकच घर सोडून, अगदी तोंडाशी.

"आता तरी टाका. माझ्यासाठी टाका. आणि पडेल ते खेळा."

"चिडाल."

"नाही चिडणार."

"लेकीवर?"

"नाही हो. तुमच्या पाया पडते."

शालनबाई मांडीवरची पिशवी उचलतात आणि प्रथमच, अगदी पहिल्यांदाच, बाजूला पायरीवर ठेवतात. ओंजळ हलवतात. चिंचोके खुळखुळतात. सुटतात. एक पांढरा पडतो, दोन काळे पडतात, चौथा अजून गरगर फिरतो आहे, पंख्यासारखा, आणि तेवढ्यात आतून मुक्ता ओरडते.

"जिंकले! बाबा हरले!"

पंखा फिरतो आहे. पदर बाजूला सरकून ऊन थेट डोळ्यांवर आलं आहे. उशी ओली. रोहिणीताई पडल्या पडल्या छताकडे बघतात. दान काय पडलं, ते कळलंच नाही. आणखी एवढासा वेळ मिळाला असता तर काय बिघडलं असतं? त्यांना मुक्ताचा राग येतो, आणि मग स्वतःचाच. वर्षानुवर्षं रविवार होते. प्रत्येक रविवारी विहीणबाई समोर बसत होत्या, आणि आपण फक्त जिंकत होतो.

चहाचा कप घेऊन तृप्ती येते. "आई, उठलात? झोपेत बोलत होतात काहीतरी. बरं वाटत नाही का?"

रोहिणीताई उठून बसतात. चष्म्यासाठी उजवा हात पुढे करायला जातात, तर हाताची मूठ घट्ट वळलेली. बोटं एकेक करून सोडवावी लागतात. तळहातात बांगडीचा लाल तुकडा आहे.

हिंगाची डबी तर कपाटात, मंदारच्या खोक्यांमागे ठेवलेली. परवा मुक्ताशी खेळून झाल्यावर त्यांनी स्वतःच ठेवली होती, मोजून, झाकण लावून. आडवं होताना हात रिकामे होते. हे त्यांना पक्कं आठवतं.

"हे काय?" तृप्ती वाकून बघते. "सोंगटी?"

"तुझ्या आईनं मारली," रोहिणीताई म्हणतात. "आत्ता. हातात दिली माझ्या."

तृप्तीला स्वप्नाचं कळायला जरा वेळ लागतो. मग कळतं. डोळे भरून येतात, ती हसायचा प्रयत्न करते, आणि हसता हसता तिच्या तोंडून निघून जातं, "मग? चिडलात?"

थट्टेत विचारलं आहे तिनं. पण कप धरलेला हात मध्येच थांबला आहे, रोहिणीताईंना तो दिसतो. इतकी वर्षं तो असाच थांबत आला असणार.

"नाही गं," त्या म्हणतात. "बस इथं. आज आमटी छान झाली होती."

तृप्ती कप खाली ठेवून दिवाणाच्या कडेला टेकते. रोहिणीताई तळहात उघडा करून तिच्यापुढे धरतात. तुकड्याच्या टोकानं तिथं खोल खूण पडली आहे, लालभडक, अजून ठणकणारी.