रेघ कधी तुटली

हरवलेल्या माणसांच्या नोंदी मी नोकरीत इतक्या लिहिल्या, की बहुतेकांची नावंसुद्धा आता सांगता येणार नाहीत. ही एक नोंद मात्र डोक्यातून गेलेली नाही. नाव इथे कोणाचंच लिहिणार नाही.

माझं शिक्षण सातवी, म्हणजे त्या वेळची प्राथमिक शाळा. नवरा खात्यात होता. तो वारल्यावर त्याच्या जागी मला घेतलं. शिपाई म्हणून लागले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. तेव्हा हवालदार होते आणि सिंहगड रस्त्याकडच्या एका ठाण्यात मिसिंगचं रजिस्टर माझ्याकडे होतं. त्या वर्षी आयटी कंपन्यांत मंदी आली होती. मोबाईल नवे होते आणि प्रत्येक कॉलला पैसे पडायचे.

मार्चअखेरीला एक गृहस्थ आले. चंद्रपूरकडच्या एका गावात पोस्टमन होते. पायात चपला, हातात पिशवी, पिशवीत मुलीचा कॉलेजच्या पदवीदानाचा फोटो.

"माही पोरगी दर इतवारी फोन करते जी. तीन इतवार झाले, फोन नाही. मोबाईल बंद येऊन राहिला."

"काम काय करते?"

"कंपुटरच्या कंपनीत आहे नं. रोज हापिसात जाते."

वय चोवीस. धायरीत एका शेतकरी घराने बांधलेल्या खोल्यांत भाड्याने एकटी राहायची. मी घरमालकिणीकडे गेले. ती म्हणाली, "रोज सकाळी आठाला डबा घिऊन जायची, साताला माघारी. तीन आठवडं झालं दिसली न्हाय. आमाला वाटलं गावाकडं गेली आसंल."

"विचारलं नाहीत कोणाला?"

"कुनाला इचारायचं? तिच्याकडं कोन येतच नव्हतं."

तपास उपनिरीक्षक साहेबांकडे होता. वयाने माझ्यापेक्षा लहान, हुशार, पण घाईचे. तिच्या कंपनीत चौकशीला कोणी जायच्या आधीच त्यांनी मोबाईल कंपनीकडून तिच्या फोनची यादी मागवली. लांबलचक छापील कागद आला. साहेबांनी कोणत्या नंबरवर किती फोन ते मोजून घेतलं. सगळ्यांत जास्त एका मुलाचा नंबर निघाला. पूर्वी तिच्याच कंपनीत होता, पुढे दुसरीकडे गेलेला. त्याला बोलावलं. मी तिथेच बसून होते.

"वर्षभरात सगळ्यांत जास्त फोन तुझे. आणि तू म्हणतोस संबंध नाही?"

"होता, सर. आता नाहीये. ब्रेकअप झालंय."

"कधी?"

"दिवाळीनंतर... म्हणजे डिसेंबर असेल. एक्झॅक्ट डेट नाही सांगता येणार, सर."

"सांगता येईल. बस इथे, आठवेल."

तीन दिवस त्याला सकाळी बोलवायचं, संध्याकाळी सोडायचं, असं चाललं. खोटं बोलणारा माणूस तारखा पाठ करून येतो, असा माझा अनुभव आहे. हा रोज नव्याने अडखळत होता. मी साहेबांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "मावशी, कागद खोटं बोलत नाही. सोमवारी अपहरणाचा गुन्हा दाखल करू." पोस्टमन बाहेरच्या बाकावर बसून असायचे. पाणी दिलं तर प्यायचे, नाही दिलं तर मागायचे नाहीत. रोज एकच विचारायचे, "जिती असंल नं बाई?" मी त्यांना हो म्हटलं नाही. माहीत नसताना हो म्हणायची मला सवय नाही.

त्याच आठवड्यात पासपोर्टच्या चौकशीसाठी एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या. मुलाकडे अमेरिकेत जायचं होतं.

मी म्हटलं, "दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागतील."

"शेजारी आहेत. सह्या मागण्याइतकं बोलणं नाही."

"मग कोण ओळखतं तुम्हाला?"

"गेल्या वर्षीचे विद्यार्थी. तेही निकाल लागेपर्यंत."

माझ्या टेबलावर तो फोनचा कागद पसरलेला होता. त्यांनी चष्मा वर केला. "हे काय, वर्षाची बेरीज केलीत? अहो हवालदारबाई, पुण्यात वर्षभर पडलेल्या पावसाची बेरीज करून आज छत्री घ्यायची का ते ठरवाल का तुम्ही?"

बाहेरच्या माणसाला तपासाचा कागद दाखवणं नियमात बसत नव्हतं. मी दाखवला. नावं झाकली, नंबर राहू दिले. आता निवृत्त आहे, लिहायला हरकत नाही.

त्यांनी मला बुधवार पेठेतून पातळ ट्रेसिंग कागद आणायला सांगितले. ऑक्टोबर ते मार्च, महिन्याला एक, असे सहा कागद. प्रत्येक कागदावर त्याच जागी तेच ठिपके. मधला ठिपका मुलीचा, भोवती बाकीचे नंबर. ज्या महिन्यात ज्याच्याशी बोलणं झालं, त्या महिन्याच्या कागदावर त्याला रेघ. बोलणं जास्त तर रेघ जाड.

"आता एकेक कागद बघायचा नाही. दोन कागदांमध्ये काय बदललं ते बघायचं. कोणती रेघ आली, कोणती गेली."

मी कागद खिडकीच्या काचेला लावले. त्या मुलाची रेघ ऑक्टोबरात बोटाएवढी जाड. नोव्हेंबरात बारीक. डिसेंबरात केसाएवढी, मग नाही. तो अडखळत होता ते बरोबरच होतं. तारीख नव्हतीच, कारण ते एका दिवशी मोडलेलं नव्हतं. पण कंपनीतल्या मैत्रिणींचे आणि सहकाऱ्यांचे म्हणून जे आठ नंबर होते, त्यांच्या रेघा जानेवारीपर्यंत ठणठणीत होत्या. फेब्रुवारीच्या कागदावर आठही नव्हत्या.

मी म्हटलं, "काहीतरी घडलं."

"घाई नको. योगायोग असेल तर? माणसं दूर जातातच. आधी योगायोगाला संधी द्यायची. तो हरला, तर मग म्हणायचं घडलं."

त्यांनी रीत सांगितली ती अशी. सहा चिठ्ठ्यांवर सहा महिने लिहून डब्यात टाकायचे. एक चिठ्ठी काढायची, महिना लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची. असं आठ वेळा, आठ माणसांसाठी. म्हणजे आठ जण आपापल्या मनाने, एकमेकांशी संबंध नसताना तुटले असते तर कोण कोणत्या महिन्यात गेलं असतं, ते कळतं. मग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. पुन्हा.

माझी साप्ताहिक सुट्टी रविवारी होती. जेवण झाल्यावर पोलीस लाईनीतल्या खोलीत पोळीच्या डब्यात चिठ्ठ्या घेऊन बसले. घरात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे हसायलाही कोणी नव्हतं. दुपारभर काढत राहिले. एकाच महिन्यात कधी दोघं तुटायचे, कधी तिघं. एकदा पाच आले तर मीच दचकले. आठच्या आठ एकदाही आले नाहीत. चहाची वेळ झाली तेव्हा मला पटलं होतं. मुलाची रेघ झिजली होती. या आठ रेघा कोणीतरी कापल्या होत्या.

सोमवारी साहेबांना म्हटलं, गुन्हा एक दिवस थांबवा. तिच्या कंपनीत गेले. तिथल्या माणसाने रजिस्टर न उघडताच सांगितलं, "त्यांना जानेवारीअखेर कमी केलं. सहा जणांना केलं." आठ नंबरांतली एक मुलगी तिथेच भेटली. मी विचारलं, "नंतर एकदाही फोन केला नाहीस?"

"काय बोलणार, मॅडम? सॉरी म्हणायचं? आमचा जॉब राहतो की नाही तेच माहीत नव्हतं. आणि मी एकटी नाही, कोणीच नाही केला."

प्रत्येकीला वाटलं होतं, दुसरीने केला असेल.

म्हणजे फेब्रुवारीपासून ती मुलगी रोज आठ वाजता डबा घेऊन बाहेर पडत होती आणि जायला तिला कुठलंही ऑफिस नव्हतं. वडिलांना दर रविवारी सांगत होती, काम खूप आहे.

साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मग कुठे आहे ती?" मी मार्चचा कागद पुढे केला. त्यावर एकच रेघ होती, गावाकडच्या शेजाऱ्याच्या फोनची, ज्यावर ती वडिलांशी बोलायची. तीही पहिल्या रविवारी संपलेली. त्यानंतर मोबाईल बंद.

मी संख्याशास्त्राच्या बाईंकडे गेले. त्यांनी कागद उजेडात धरून पाहिला. मग म्हणाल्या, "कोऱ्या कागदाला घाबरू नका. रेघ नाही म्हणजे नातं नाही, असं नसतं. तुमच्या यादीत काय येतच नाही, ते शोधा."

यादीत काय येत नाही? मी परत येताना बसमध्ये हाच विचार करत होते. शेजारच्या बाईने पर्समधून मोबाईल काढला, नंबर लावला, एक रिंग ऐकली आणि बंद केला. माझ्याकडे बघून म्हणाली, "मुलाला. बसमध्ये बसले म्हणून."

मिस्ड कॉल. त्या वर्षांत निम्मं शहर त्यावर चालत होतं. घरी पोचलो, खाली ये, दूध आण, सगळं एका रिंगमध्ये. फोन उचलला नाही तर पैसे पडत नाहीत. आणि पैसे पडत नाहीत ते कंपनीच्या यादीत छापून येत नाही.

त्या मुलाला परत बोलावलं. तो पांढरा पडला. मी म्हटलं, "घाबरू नकोस. मोबाईल दे. मिस्ड कॉल दाखव."

त्याच्या मोबाईलमध्ये शेवटचे दहाच राहायचे. दहापैकी सात एकाच लँडलाईनचे. रोज दुपारी, साधारण एकाच वेळी.

"हा कोणाचा?"

"रॉंग नंबर असेल, मॅडम. रोज येतो. एक रिंग वाजते आणि कट."

"तुमचं दोघांचं जमत होतं तेव्हा एका रिंगचा अर्थ काय ठरला होता?"

त्याने माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. मग म्हणाला, "पोचले."

"आणि दोन रिंगचा?"

"फोन कर."

दोन रिंग तिने दिल्या नव्हत्या. आणि शेवटची एक रिंग आली होती त्यालाही दोन दिवस झाले होते.

साहेबांनी नंबर पाच मिनिटांत काढला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मांजरी गावातला सार्वजनिक फोन, पीसीओ. जीप काढली. मुलगा आणि पोस्टमन, दोघंही यायचं म्हणाले. मी पोस्टमनना घेतलं. मुलाला म्हटलं, तू इथे थांब.

पीसीओवाला बूथच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. "ती मिस कॉलवाली व्हय? रोज दुपारी यायची. एक रिंग द्यायची आन् ठिवायची. म्या म्हनायचो, ताई, येकदा तरी बोला की वो, आमचं बी पोट हाय! तर नुसती हसायची. परवापासून आली न्हाय."

"परवापासून आली नाही, तर बघायला गेलात का?"

"मी काय नात्यातला हाय का, बाई?"

तो चुकीचं बोलला नव्हता. पत्ता त्यानेच दाखवला. उसाच्या रोपवाटिकेत ती पिशव्यांत माती भरायचं काम करत होती आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत राहत होती. मुकादमाला वाटलं होतं, काम सोडून गेली. दाराला आतून कडी नव्हती. नुसतं ढकललं.

ती जमिनीवर पडलेली होती. डोळे पिवळे, ओठ फुटलेले, अंग तापाने भाजत होतं. उशाशी रिकामा तांब्या. पोस्टमन तिचं नाव घेत खाली बसले. मी नाकापुढे हात धरला. श्वास चालू होता. साहेबांनी तिला स्वतः उचललं आणि जीपमध्ये घातलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, कावीळ आहे, आणखी एक दिवस गेला असता तर पंचनाम्यालाच यावं लागलं असतं.

आठवड्याने जबाब घ्यायला गेले. वडील औषध आणायला खाली गेले होते. नोकरी गेल्याचं त्यांना मी सांगितलं नव्हतं. ते तिचं काम होतं.

"घरी का कळवलं नाहीस?"

"बाबा टपाल वाटतात नं. दारोदार सांगतात, पोरगी इंजिनीअर आहे म्हणून. कसं सांगायचं?"

"मोबाईल?"

"विकला. भाड्याला पैसे नव्हते, म्हणून खोलीवरूनही न सांगता निघाले."

"आणि त्याला रोज रिंग का देत होतीस? बोलायचं होतं तर दोन द्यायच्या."

"बोलायचं नव्हतं." मग तिने विचारलं, "त्याने कधी उचलला का?"

"नाही. रॉंग नंबर समजत होता."

"बरं झालं. उचलला असता तर मी बंद केलं असतं. पोचले एवढंच कुणाला तरी सांगायचं होतं."

मुलगा दवाखान्याच्या फाटकाशी दोन दिवस उभा होता. तिने भेटायला नाही म्हटलं. सज्ञान होती, जबरदस्ती करण्याचा प्रश्न नव्हता. वडिलांना तिने त्याच दिवशी खरं सांगितलं. मी बाहेर होते, त्यामुळे काय बोलणं झालं ते माहीत नाही. दार उघडलं तेव्हा पोस्टमन तिला मोसंबं सोलून देत होते. रजिस्टरला मी शेरा मारला, "मिळून आली. तपास बंद."

या प्रकरणाने मला काय शिकवलं ते सरळ सांगते. रजिस्टरमध्ये रकाना असतो, "कोणत्या तारखेपासून हरवली". तो रकाना चुकीचा आहे. माणूस त्या तारखेला हरवत नाही. त्याच्या कितीतरी आधी एकेक रेघ जात असते. ती झिजते की कोणी कापतं, यात फरक आहे, आणि तो फरक बेरजेत दिसत नाही. कागद एकमेकांवर ठेवून पाहावे लागतात. आपल्या यादीत न येणारं काहीतरी कायम असतंच, आणि कधी कधी माणूस तेवढ्यावरच जगत असतो. संख्याशास्त्राच्या बाईंनी सांगितलेली रीत मी पुढेही वापरली. काही वेळा उपयोग झाला, काही वेळा नाही झाला.

एक सवय मात्र निवृत्तीपर्यंत ठेवली. कोणी मिसिंगची तक्रार घेऊन आलं की मी "शेवटचं कोणी पाहिलं" हे नंतर विचारायचे. आधी विचारायचे, "त्याचं बोलणं कमी झालं, हे तुमच्या लक्षात कधी आलं? तेव्हा तुम्ही काय केलं?"

काही माणसं मोबाईल काढून बघायला लागायची. काही चिडायची. मग बहुतेक जण एकच वाक्य बोलायचे, "वाटलं, कामात असेल."

मी ते तसंच, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचे आणि खाली त्यांची सही घ्यायचे.