मार्गासनी आठ यांची शिवऱ्याची बायको

चैत्रातला दुसरा मंगळवार: संस्थेच्या चिटणिसांनी सभासदांची जुनी वही कपाटात बंद केली. वैशाखातला पहिला सोमवार: ती वही कॉम्प्युटरवर चढवणाऱ्या प्रोग्रामरने ‘काम पूर्ण’ असे लिहून सही केली. त्याच आठवड्यातला शुक्रवार: अध्यक्षांनी त्याखाली न वाचता सही केली. जबाबदार इसम हे तीन. कॉम्प्युटर हा इसम नसल्याने त्याचे नाव मी यादीत घेतलेले नाही, जरी या तिघांनी मला आजवर दुसरे नाव सांगितलेले नाही.

संस्था भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या भात उत्पादकांची. वहीत प्रत्येक गावाला स्वतंत्र पान आणि प्रत्येक पानावर सभासद क्रमांक एकपासून. त्यामुळे आमच्यात नुसता आकडा कोणी सांगत नाही. ‘शिवरे आठ’, ‘मार्गासनी आठ’ असेच म्हणतात. गोदामात बियाण्यासाठी पुकारा होतो तोही असाच, आणि गाव न सांगता आकडा सांगणाऱ्याकडे तिथला हमालसुद्धा मान वर करून पाहत नाही.

मार्गासनी आठ हे माझे मेहुणे. गेल्या पावसाळ्यात ते वारले. सभासदत्वावर आपले नाव लागावे असा बहिणीने अर्ज केला. अर्ज मी लिहिला. भोरच्या न्यायालयाच्या आवारात उभा जन्म दस्त लिहिण्यात गेल्यामुळे त्यात खोट निघणे शक्य नव्हते. उत्तर आले ते असे: मयताची पत्नी म्हणून नोंदीत शिवरे येथील एक बाई दिसते, सबब अर्जदाराने आपण पत्नी असल्याचा पुरावा द्यावा आणि मयताने दुसरा विवाह केला नव्हता असे प्रतिज्ञापत्र जोडावे.

बहीण आधी हसली. म्हणाली, “दादा, ह्यास्नी एका बायकूला वेळंवर हाक माराया जमलं न्हाई. दुसरी कुठनं सांभाळली?” पण पत्र तिच्या हाती पडण्याआधी मार्गासनीभर झाले होते. पाण्याच्या नळावर ती गेली की बायकांचे बोलणे थांबू लागले. मग तिने नळावर जायची वेळ बदलली. माझ्या रागाचे कारण विचारणाऱ्यांनी हे एक वाक्य पुन्हा वाचावे.

मी एस.टी.ने शिवऱ्याला गेलो. शिवरे आठ हयात आहेत, शेती करून हायवेच्या कडेला चहाही विकतात. पत्र वाचून त्यांनी आत हाक मारली, “अगं, तुझं मार्गासनीला सासर हाय म्हनं. मला बोलली न्हाईस ती.”

आतून उत्तर आले, “तितं च्या आयता मिळत आसंल तर आत्ताच जाते.”

ही बाई मला फार आवडली. तिचा या प्रकरणात काडीचा दोष नाही.

माझी मुलगी पुण्यात प्रोग्रामर आहे. सभासद या नात्याने मी प्रोग्रामच्या मांडणीची प्रत मागून घेतली होती, ती तिने मला समजावून दिली. सभासदांचे एक टेबल, कुटुंबीयांचे दुसरे. टेबलांशी प्रोग्राम थेट बोलत नाही. मध्ये मॅपर नावाचा दुभाषा असतो आणि कोण कोणाचा हे त्याला लिहून द्यावे लागते. टेबले वहीबरहुकूम भरलेली होती. मॅपरला मात्र लिहून दिले होते की सभासदाची ‘की’, म्हणजे त्याला ओळखायची खूण, ही त्याचा क्रमांक. बस्स. म्हणजे त्याच्या लेखी दोन तालुक्यांत आठ नंबरचा माणूस एकच. कुटुंबीयांना सभासदाशी बांधणारी फॉरेन कीही तेवढीच. गाव आणि क्रमांक मिळून एक ओळख, म्हणजे कंपोझिट की, दोन्ही ठिकाणी द्यायला हवी होती. यात मला नवे काही वाटले नाही. गाव न लिहिता नुसता गट नंबर लिहिलेले खरेदीखत घेऊन येणाऱ्याला मी बाकावरून उठवले असते.

प्रोग्रामर फोनवर म्हणाला, “काका, मॅपर ते आपोआप जोडतो.” मी लेखी कळवले की मी आपला काका नाही, आणि मॅपरला लग्ने लावण्याचा अधिकार कोणत्या पोटनियमाने मिळाला ते कळवावे.

तिसऱ्या पत्रानंतर दुरुस्ती झाली. सभासदांची की झाली गाव आणि क्रमांक. कुटुंबीयांची फॉरेन की झाली क्रमांक आणि गाव. क्रम उलटा. मॅपर पहिल्याला पहिला जोडतो, दुसऱ्याला दुसरा. प्रोग्राममध्ये गावालाही नावाऐवजी आकडाच, त्यामुळे त्याने हूं की चूं केले नाही. मार्गासनीचा गाव क्रमांक बारा. बारा नंबरच्या गावातला आठवा सभासद आता आठ नंबरच्या गावातला बारावा झाला. आठ म्हणजे हिर्डोशी, माझे जन्मगाव, आणि हिर्डोशी बारा म्हणजे ग्रामदैवताच्या नावची जमीन. पहिल्या चुकीने बहिणीला सवत दिली होती, दुसरीने नवराच बदलून देव दिला.

हे तिला सांगणे मला जड गेले. ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे दादा. ह्यो तरी मरायचा न्हाई.” आणि नंतर, माझ्याकडे न पाहता, तिने विचारले की संस्थेच्या वार्षिक सभेच्या आत तिचे नाव त्यांच्या नावाशेजारी दिसेल ना. या वेळी ती हसत नव्हती.

आता क्रम सुलट झाला आहे. नाव योग्य जागी दिसते. मी स्वतः पाहिले. संस्थेने बहिणीच्या मोबाईलवर ‘तांत्रिक अडचण दूर झाली आहे’ असा संदेश पाठवून प्रकरण मिटवले. बहिणीला वाचता येत नाही आणि नळावरच्या बायकांना तो संदेश गेलेला नाही. बदनामी गावभर झाली, खुलासा मात्र एका बंद खिशात.

म्हणून माझी मागणी. वार्षिक सभेत, विषयपत्रिकेतल्या पहिल्या विषयाआधी, अध्यक्षांनी उभे राहावे. गाव सोडून नुसता क्रमांक ही की कोणी ठरवली, आणि दुरुस्ती न तपासता कोणी स्वीकारली, याचे उत्तर द्यावे. आणि मग मार्गासनी आठ यांना एकच पत्नी होती, ती समोर बसली आहे, हे वाक्य त्यांनी स्वतःच्या तोंडाने, माईक चालू असताना उच्चारावे. चिटणिसांनी ते इतिवृत्तात घ्यावे. मी पहिल्या रांगेत बसेन. उत्तर द्या.