चमचाभर आळशी

“मला आळशी म्हनला त्यो डाक्टर. दिसभर चुलीम्होरं बसनारी बाई मी, आन् म्हनं आळशी.”

“वळखलं की बरूबर,” नवरा मच्छिंद्र ताटावर बसून घास मोडत म्हणाला. “शिकलेला मानूस हाय.”

कर्जत-जामखेड रस्त्यावर रतनबाईची खानावळ. गल्ला मच्छिंद्रचा, चूल तिची. पन्नाशीत पाळी गेली आणि अंगातून वाफा निघायला लागल्या. जाळ चुलीत हाय का आपल्यात, तिला कळंना. भाकरी करपायला लागली, तशी सून दिशा म्हणाली, “आत्या, चूल आता माझ्याकडं द्या.” गिऱ्हाईक गाडी थांबवायचं ते रतनबाईच्या भाकरीसाठी. चूल गेली तर ती नुसती म्हातारी उरणार. तेवढ्यासाठी तर दवाखाना.

“नेमकं काय म्हनला?” दिशानं विचारलं.

“रोज चमचाभर आळशी, कुटून. फुडचं म्या ऐकलंच न्हाई.”

“चमचाभर आळस कुटून खा म्हनला व्हय?” दिशा हसायला लागली. “अळशी, आत्या. अळशी म्हंजी जवस.”

मग तिनं मोबाईलमध्ये बघून वाचलं. जवसात बायकांच्या हार्मोनशी मिळतंजुळतं द्रव्य असतं. अंगातलं हार्मोन घटलं की ते थोडीफार त्याची जागा धरतं.

रतनबाईनं चटणीच्या बरणीकडं बघितलं. जवसाची चटणी. दात आले तेव्हापासून ती हेच खात होती.

“मंग ह्या वाफा कशाच्या?”

“गुन कुनाला येतो, कुनाला न्हाई, आसंबी लिवलंय.”

मच्छिंद्रनं ताटातली चटणी बोटानं कडंला सारली. “बायकांचं हार्मोन? मी बी हेच खातोय की.”

“खावा,” रतनबाई म्हणाली. “मिशा हायत अजून. बाकी फरक पडाया आदी हुतं काय?”

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. पाच-सहा माणसं उतरली. रतनबाईच्या मानेवर घाम फुटला. तिनं पदरानं पुसला, चुलीकडं बघितलं, आणि परात ओढून दाराच्या वाऱ्याला नेली.

“थापनार मी. भाजायचं तू.”

“चूल आख्खीच द्या की माझ्याकडं.”

“फुगली तर माझी, करपली तर तुझी. तवा ठिव.”

दिशानं तवा ठेवला. रतनबाईनं पिठात कोमट पाणी ओतलं आणि मळायला घेतलं.