टोचणारे कडे

वाळवंटाच्या काठावरच्या रिसानीच्या बाजारात गाढवे बांधतात त्या आवाराच्या भिंतीला लागून हद्दूचे दुकान. त्याची हयात खोगिरे शिवण्यात गेली. हात जाड, नखे तुटकी आणि शिवण अशी, की कातडे फाटेल पण टाका सुटणार नाही. बापाने त्याला एकच गोष्ट शिकवली होती : जे टोचते ते जनावर अंगावर टिकू देत नाही. ओझे कितीही असो, खाली लोकर नीट बसली पाहिजे. घाईने भरलेल्या लोकरीचे गोळे होतात आणि पाठ सोलून निघते. म्हणून लोकर पिंजायला हद्दू जेवढा वेळ घेई तेवढा शिवायलाही घेत नसे.

धाकटा भाऊ आस्सू, त्याला जनावरांचा कंटाळा. तो परदेशी पाहुण्यांना मोटारसायकलींवरून मर्झुगाच्या वाळूच्या टेकड्यांत फिरवून आणायचा. पुढे आस्सू, मधे पाहुणे, शेवटी त्याचा जोडीदार बरका. टेकडीच्या धारेवर पुढच्याने थांबायचे, हात वर करायचा, वळून मागची माणसे बघायची, मगच उतरायचे. पलीकडे उतार आहे की कडा, हे धारेवर गेल्याशिवाय कळत नाही.

एका हिवाळ्यात आस्सू पडला. उठला, पण डाव्या हाताची दोन बोटे बधिर झाली ती झालीच. शहरातल्या डॉक्टरने मानेचा फोटो उजेडात धरून सांगितले, "काम बदला. पुन्हा असा मार बसला तर बोटांवर भागायचं नाही."

काम बदलून करायचे काय, हे डॉक्टरने सांगितले नाही.

त्याच सुमारास एक पाहुणा जाताना आपले मानेचे कडे आस्सूला देऊन गेला. खांद्यांवर बसणारे, हेल्मेटच्या खाली येणारे कडक कडे. पाठीवर उतरणारी एक ताठ पट्टी. आस्सूने ते घरात खिळ्याला टांगले. महिनाभराने त्याची बायको इत्तो ते घेऊन दुकानात आली. मागोमाग आस्सूही आला.

"भाऊजी, हे घालत नाहीत. तुम्हीच सांगा."

"हिला काय जातंय बोलायला! दादा, तू घालून बघ हे जू. खांदे सोलून निघतात. पाठीवर पाण्याची पिशवी, तिच्याखाली ही पट्टी रुतते. मान वळत नाही. मागचा पाहुणा वाळूत गाडला गेला तर मला काय आरशात दिसणार आहे?"

"हळू बोल. गाढवं बिथरतील," हद्दू म्हणाला.

"बरका तर हसत सुटला. म्हणाला, शोभतंय खेचराला."

"हसू दे," इत्तो म्हणाली. "मान मोडल्यावर तोच भरवणार आहे ना तुम्हाला!"

"आणि हे घालून मान वाचते, असं सांगितलं कुणी? तो इटलीचा पाहुणा पडला, त्याच्या गळ्यात होतंच की. गळ्याखालचं हाड मोडलंच ना?"

"हाड मोडलं. मान नाही मोडली," इत्तो म्हणाली.

हद्दूने कडे आपल्या खांद्यांवर ठेवले, वाकून पाहिले, मान फिरवून पाहिली. कुठे रुतते ते त्याला लगेच कळले. ते कळायला त्याला मोटारसायकल यायची गरज नव्हती.

"टोचतं म्हणून घालत नाहीस ना? टोचायचं बंद केलं तर?"

"तर घालीन."

"शब्द?"

"शब्द. हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

"माझ्या नको," इत्तो म्हणाली. "स्वतःच्या ठेवा."

हद्दूने काम हातात घेतले. मेंढीची लोकर धुतली, वाळवली, दोनदा पिंजली. कडक कड्याखाली तिचे दोन थर दिले, वर कोकराचे मऊ कातडे, मेण लावलेला दोरा, गाठी सगळ्या बाहेरच्या अंगाला. पाठीवरची ताठ पट्टी काढून टाकली, तिच्या जागी कातड्याची जीभ लावली. वाळू नाकातोंडात जाऊ नये म्हणून आस्सू, त्या वाळूतल्या सगळ्यांसारखाच, हेल्मेटच्या आधी मानेभोवती लांबलचक फडके गुंडाळायचा. कडे त्या फडक्यावर बसेल इतके हद्दूने ते सैल केले. एखाद्या उमद्या खेचराच्या खोगिरावरही त्याने इतके कष्ट घेतले नसते.

आस्सूने शब्द पाळला. सबंध हंगाम कडे घातले. चार लोकांत मिरवले. "माझ्या दादानं केलंय. उशी आहे उशी! धारेवर उभ्या उभ्या झोप लागते." इत्तोने मांस-कांदा भरलेली मोठी रोटी दुकानात पाठवली. हद्दूने ती शेजाऱ्यांना वाटून खाल्ली. भावाच्या मानेची काळजी त्याने मनातून उतरवून ठेवली.

वसंतातल्या वाऱ्यांत आस्सू पुन्हा पडला. कसा ते बरकाने सांगितले. एक पाहुणा न थांबता पुढे गेला आणि टेकडीपलीकडे वाळूत आडवा झाला. आस्सू त्याला शोधत धारेवर चढला, तो पाहुणा थेट पुढ्यात. त्याला वाचवायला आस्सूने हँडल वळवले. पुढचे चाक रुतले. वेग काहीच नव्हता. बरका म्हणाला, "इतक्या सावकाश पडला, की मला हसू आलं."

मग आस्सू हलला नाही.

शहरातल्या इस्पितळात डॉक्टर बाहेर आला तेव्हा कडे त्याच्या हातात होते.

"हे कुणी शिवलं?"

"मी."

"शिवण सुरेख आहे." डॉक्टरने अंगठ्याने दाबले. अंगठा लोकरीत बुडाला. "पण हे मऊ असून चालत नाही. डोकं फेकलं गेलं की हेल्मेट यावर टेकतं आणि मार खांद्यांवर, छातीवर, पाठीवर उतरतो. त्यासाठी हे घट्ट बसलेलं लागतं. हे फडक्यावरून सरकलं असणार. पाठीची पट्टी कुठाय?"

"काढली."

डॉक्टरने कडे उलटून कातड्याची जीभ पाहिली.

"ती असती तर मान वाचली असती?"

"सांगता येत नाही. हे नीट घालूनही मोडलेल्या माना मी पाहिल्यात. न घालता पडून, कपडे झटकून चहा पिणारेही पाहिलेत. घातलेलं बरं, असं मी म्हणेन. त्याच्यापुढे कोण काय सांगणार?"

तुझ्यामुळे झाले म्हणाला असता तर हद्दूने मान खाली घातली असती. तुझा दोष नाही म्हणाला असता तर हद्दू घरी जाऊन झोपला असता. डॉक्टर यातले काहीच म्हणाला नाही.

आस्सूची खाट आता दुकानातच असते. गळ्याखाली काही हलत नाही. सकाळी इत्तो अंग पुसते. दिवसा ती दुसऱ्यांच्या घरी रोट्या भाजायला जाते, तेव्हा हद्दू भरवतो. घास लहान करतो, घाई करत नाही.

एके दिवशी बरका आला. हातात नवे कोरे कडे. आस्सूच्या पडण्यानंतर मोटारसायकलींच्या मालकाने सगळ्यांना घ्यायला लावले होते.

"हद्दूदादा, माझं पण आस्सूच्यासारखं करून दे."

"नाही करणार. आहे तसंच घाल. फडक्याच्या आत, अंगाला लागून."

"अरे, टोचतं रे."

"टोचू दे."

"मग मी घालत नाही. तासाभरात काढून पिशवीत जातं ते. तू लोकर भर, मग बघ दिवसभर घालतो की नाही."

हद्दूने हातातली सुई खाली ठेवली. लोकर भरली तर उपयोग नाही. नाही भरली तर हा घालणार नाही. तिसरे काही त्याला सुचेना. बापाने शिकवलेल्यातही तिसरे काही नव्हते.

खाटेवरून आस्सू म्हणाला, "भरून दे की दादा. मला कुठं टोचत होतं?" मग हसला. "आता तर काहीच टोचत नाही."

बरकाने मान वळवली. कडे भिंतीच्या खिळ्याला, जुन्या खोगिरांशेजारी अडकवले. "राहू दे इथंच. मन बदललं तर भर," म्हणाला आणि उघड्या मानेने गेला. बाहेर गाडी सुरू झाली. आवाज आवाराला वळसा घालून पूर्वेकडे, वाळूच्या वाटेला लागला. तो पुरता विरेपर्यंत आस्सू ऐकत राहिला.

हद्दू उठला. कूस बदलायची वेळ झाली होती. खाटेवरची गादी त्यानेच भरली होती, तीच लोकर, दोनदा पिंजलेली. त्याने आस्सूच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातले, गुडघे वाकवले आणि उचलून कुशीवर केले. मग सदरा वर करून पाठ पाहिली. माकडहाडाजवळ कातडी लाल झाली होती. काल तिथे काही नव्हते.

जनावराला टोचले तर ते लाथ मारते. इथे कुणी सांगणारे नव्हते.

"काय रे, काय बघतोस?" आस्सूने विचारले.

"काही नाही," हद्दू म्हणाला आणि गादीची शिवण उसवायला सुरी शोधू लागला.