करवत घेऊन सौरदिव्यांच्या पाड्यावर

द्वारकेच्या चौकात मी जीपमध्ये चढलो तो मांडीवर लांबलचक करवत घेऊनच. करवत सातपूरच्या आमच्या वर्कशॉपमधली, मागणी माझ्या मेहुण्याची. सुधीरची नोकरी डोंगरातल्या पाड्यांवर (लहान वस्त्यांवर) सौर वीजकेंद्रं बसवण्याची. नव्वदचं दशक सरत आलं होतं, तरी सौर म्हटलं की आमच्या नातेवाइकांना अंघोळीचं गरम पाणीच आठवे. सुधीर त्यामुळे कायम वैतागलेला.

"एक झाड पाडायचंय," एवढंच तो म्हणाला.

दिंडोरीच्या द्राक्षबागा मागे पडल्या. घाटात जीपनं दोनदा पाणी मागितलं. पुढे सुरगाण्याकडचे उघडे डोंगर आणि कापणी झालेली भातखाचरं. पाड्यावर पोचलो तर बहुतेक घरांना कड्या. माणसं निफाडकडे द्राक्षाच्या कामाला गेलेली.

वीजकेंद्र म्हणजे कुंपणात दक्षिणेकडे तोंड करून बसवलेल्या निळ्या प्लेटा आणि मागे बॅटऱ्यांची खोली. काचेखाली सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. त्यांच्यावर ऊन पडलं की वीज वाहू लागते, दिवसभर बॅटऱ्यांत साठते आणि संध्याकाळी घराघरांत दिवे लागतात. काही जळत नाही, काही फिरत नाही. मला हे सगळं जरा संशयास्पदच वाटलं.

भर दुपारी पुढच्या ओळीवर एका मोहाच्या झाडाची सावली होती.

"एका प्लेटीवर सावली आली की अख्खी ओळ अडते," सुधीर म्हणाला. "हंडे हातोहात देताना मधलाच माणूस खाली बसावा, तसं. जागा मी मे महिन्यात बघितली. तेव्हा सूर्य डोक्यावर, सावली बुंध्याशी. हिवाळ्यात तो दक्षिणेला कलतो, हे शाळेतच शिकलो होतो."

"फांद्या छाटून भागणार नाही?"

"नाही. प्लेटा हलवायच्या तर वरून मंजुरी हवी. ती कधी येईल देव जाणे."

मोह पाड्यावरच्या म्हाताऱ्या बुधीबाईंचा, सासऱ्याच्या वाटणीत आलेला. दिवे लवकर जातात ही तक्रारही त्यांचीच. कामाला गेलेल्यांची चार पोरं त्यांच्याकडे होती. आम्हाला त्यांनी नागलीची (नाचणीची) भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. आमटी झणझणीत होती. जेवण होईपर्यंत सुधीरनं झाडाचा विषय काढला नाही. मग एकदाचा काढला.

बुधीबाईंनी मोहाकडे बोट केलं.

"चैताला फुलं येत्यात. त्याच्या बियांचं तेल पावसाळाभर पुरतं," त्या म्हणाल्या. "तवा तुमची सावली कुठं राहती?"

"तेव्हा नाही राहत, आजी. हिवाळ्यातच पडते."

"हिवाळ्यात हितं हाय कोण? मी आन् ही पोरं. मंग अंधार आमचाच हाय ना, साहेब? आमी बसू अंधारात. मोह नका तोडू."

सुधीरनं माझ्याकडे पाहिलं. मी करवत पोत्यात गुंडाळली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली. अंधारात काही मी बसणार नव्हतो.

"प्लेटा हलवायचा अर्ज मी उद्याच करतो," सुधीर म्हणाला.

"करा," बुधीबाई म्हणाल्या. त्यांचा फारसा भरवसा दिसला नाही.

निघताना दिवस मावळला आणि दिवे लागले. बुधीबाईंनी लगेच पोरांची ताटं मांडली. उजेड आहे तोवर त्यांना सगळं उरकायचं होतं.

द्वारकेला परतलो तेव्हा चौक झगमगत होता. घरी बायकोनं पोतं उघडून पाहिलं. "वापरलीच नाही वाटतं?"

"गरज पडली नाही," म्हणालो आणि दिव्याखाली जेवायला बसलो. तिकडे पाड्यावरचा दिवा एव्हाना गेला असणार.