दत्तूला शोधायला कल्याणच्या माळावर

"डोळे भरून बघून ये गं त्याला," आई म्हणाली आणि आम्ही ठाण्याहून निघालो. माझा धाकटा भाऊ दत्तू पलटणीत आहे. पलटण काबूलच्या लढाईवर निघालेली, जाताजाता कल्याणला मुक्काम. आईला चालवत नाही, म्हणून मी आणि आमचे हे. बरोबर दत्तूसाठी बेसनाचे लाडू.

जाणार असाल तर सकाळची आगगाडी धरा. मुंब्र्याच्या बोगद्यात खिडकी लावून घ्या, नाहीतर तोंड काळं झालंच समजा. छावणी शहाडच्या वाटेवर. स्टेशनाबाहेर बैलगाडी मिळते. गाडीवान दुप्पट भाडं सांगतो, खुशाल घासाघीस करा. पाणी मात्र घरून न्या, चैत्रात त्या वाटेवर घशाला कोरड पडते.

पोचलो तर माळ रिकामा! पहाऱ्यावरचा हवालदार म्हणाला, "बाई, लुटुपुटूची लढाई चालू आहे. झाडाखाली बसा."

"पण माणसं कुठायत?"

"काय बाई, समोरच तर आहेत."

समोर नुसती माती आणि वाळकं गवत. मी आपली लाल कोट शोधतेय. दिवाळीला दत्तू लाल कोट घालून अख्ख्या आळीत मिरवला होता.

तेवढ्यात एक टिटवी मोडका पंख फरपटत पुढ्यातून निघाली. "अरेरे, जखमी आहे बिचारी," म्हणत हे धोतर सावरत तिच्यामागे. यांना पार लांब नेऊन बया भुर्रकन उडाली! इकडे मी खडे समजून पाय ठेवणार, ती तिची अंडी. यांना हाक मारू की हसू, मला कळेना.

मग बिगूल वाजला आणि अहो, समोरची जमीनच उठून उभी राहिली! बांधाआडून, गवतातून माणसंच माणसं, सगळी मातीच्या रंगाची. "नवे कपडे आलेत," हवालदार म्हणाला, "शत्रूला दिसू नये म्हणून." शत्रूचं राहू द्या, मला माझा भाऊ दिसेना! धुळीने तोंडं सगळ्यांची सारखी. "दत्तू!" म्हणून ओरडले तर तिघे वळले, त्यात आमचा एकही नाही.

त्यांच्या गाडीची वेळ झालेली, पलटण तशीच स्टेशनात गेली, मागोमाग आमची बैलगाडी. आगगाडी हलली तसा एका खिडकीतून कुणीतरी हात केला. मी धावत जाऊन लाडवांचं गाठोडं त्या हातात कोंबलं. दत्तूच होता का तो? हे म्हणतात, होता. मला वाटतं, माझं मन राखतात.

घरी आई तांदूळ निवडत बसलेली. "पाहिलंस ना डोळे भरून?"

हो म्हणायचं ठरवून आले होते. "आई, सापडलाच नाही गं. समोर होता, तरी नाही."

तिचा हात थांबला. "सख्ख्या बहिणीला सापडला नाही?"

"नाही."

"मग त्या मेल्या शत्रूला कुठला सापडायला बसलाय!" असं म्हणून ती चक्क हसली. पलटण निघाल्याचं कळल्यापासून पहिल्यांदाच.

मीही हसले. तिच्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं, पण डोळ्यांत पाणी. खडा कुठला नि तांदूळ कुठला, काही दिसेना.